पॉट्ससाठी बीटा ब्लॉकर: गोळीच्या नावाआधीची कामं आणि नंतरची

इंदूरला औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. अलीकडे एक प्रसंग वारंवार घडतो. कॉलेजातली मुलगी येते, सोबत आई, हातात मोबाईल आणि स्क्रीनवर एखाद्या गोळीचं नाव. "काकू, पॉट्ससाठी ही द्याल का? कुणाला तरी हिच्यानं खूप बरं वाटलंय." चिठ्ठी नसते. बीपी कधी मोजलेलं नसतं. दमा आहे का विचारलं तर "लहानपणी पंप घ्यायची, आता नाही" असं उत्तर मिळतं.

माझ्या सख्ख्या भाचीला पॉट्स आहे, म्हणजे उभं राहिलं की नाडी एकदम धावू लागते असा आजार. तिच्या वेळी आम्हीही हाच क्रम चुकवला. गोळी आधी आली, मोजमाप नंतर झालं, आणि त्यात पोरीचे दोन महिने अंथरुणात गेले. म्हणून हे सगळं क्रमवार लिहिते आहे. गोळी डॉक्टरच ठरवणार आणि लिहून देणार. बीटा ब्लॉकर (अड्रिनलिनचा परिणाम रोखून हृदयाचे ठोके कमी करणारी औषधं) शेड्युल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत येतात, ते चिठ्ठीशिवाय कुणी देऊ नयेत आणि कुणी मागूही नयेत. पण नेमकी गोळी ठरवायला डॉक्टरांना जी माहिती लागते, तिच्यातली निम्मी आपल्या घरात बसून गोळा करायची असते. ती नसेल तर डॉक्टरही अंदाजानंच लिहिणार.

१. पॉट्सच आहे ना, याची खात्री

पॉट्समध्ये आडवं असताना नाडी ठीक असते आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते, आणि वाढलेलीच राहते. १२ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ही मर्यादा ४० ठोक्यांची धरतात. सोबत चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, थरथर, डोकं जड आणि बधिर होणं असा त्रास असतो; आडवं झालं की तो उतरतो. हे किमान ३ महिने चाललेलं असावं लागतं.

आता महत्त्वाची अट. पॉट्समध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब फारसा पडत नाही. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर तो वेगळा आजार आहे, आणि त्यात बीटा ब्लॉकर दिला तर माणूस पडायचा तो आणखी लवकर पडेल.

नाडी वाढायची साधी कारणं आधी बाजूला काढा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), सोडियम-पोटॅशियम, साखर आणि १२ लीडचा ईसीजी एवढं तरी हवंच. इको, होल्टर, सकाळचं कॉर्टिसॉल डॉक्टरांना गरज वाटली तर. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की हिमोग्लोबिन ८ असताना पॉट्सचं नाव घेऊन बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना लोह हवं होतं. थायरॉइड वाढलेला असला तरी नाडी अशीच धावते. मोठ्या तापानंतर महिनाभर पडून राहिलेल्या माणसाचीही उभं राहिल्यावर धावते. पॉट्स पुष्कळदा व्हायरल तापानंतरच सुरू होतो, त्यामुळे या दोन्हींतला फरक डॉक्टरांकडूनच करून घ्यायचा.

चालू असलेली औषधंही बघा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. दम्याच्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झालेला असू शकतो. यांतल्या प्रत्येकानं ठोके वाढतात.

*सावध:* धावताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर घरच्या चाचण्या बाजूला ठेवा आणि थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. अचानक खूप बीपी चढणं, डोकं ठणकणं आणि घामानं भिजणं असे झटके येत असतील तर तेही आवर्जून सांगा. अड्रीनल ग्रंथीच्या एका गाठीत असं होतं, आणि तिथे आधी नुसता बीटा ब्लॉकर दिला तर बीपी आणखी भडकतं.

२. भिंतीला टेकून दहा मिनिटं

टिल्ट टेबल (रुग्णाला आडवं बांधून उभं करायचं तपासणीचं टेबल) सगळीकडे नसतं, आणि हरकत नाही. भिंतीला टेकून उभं राहायची ही चाचणी डॉक्टर स्वतःच्या खोलीत करू शकतात आणि घरीही होते. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन घ्या, मनगटावरचं नको. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर उत्तम. कागद, पेन, घड्याळ आणि शेजारी उभं राहणारं एक माणूस. शेवटची गोष्ट सोडायची नाही. ही चाचणी एकट्यानं करायची नसते.

वेळ सकाळची, चहाच्या आणि पोह्यांच्या आधी. पॉट्सचा त्रास सकाळी सगळ्यात जास्त असतो. शिवाय पोटभर खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं आणि आकडे बदलतात. इंदूरात सकाळ पोहे-जिलबीवर होते, त्यामुळे हे मुद्दाम सांगते.

क्रम असा:

१) दहा मिनिटं पाठीवर स्वस्थ पडून राहा. मोबाईल नको, बोलणं नको.
२) पडल्या पडल्याच दोनदा बीपी आणि नाडी घ्या, दोन्ही लिहा.
३) उठून भिंतीला खांदे टेकवून उभं राहा. टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीच्या निम्म्याएवढ्या.
४) १, ३, ५, ७ आणि १० व्या मिनिटाला बीपी आणि नाडी. पाय हलवायचे नाहीत, या पायावरून त्या पायावर भार टाकायचा नाही.
५) प्रत्येक आकड्यापुढे त्या क्षणी काय होतंय ते एका शब्दात: अंधारी, थरथर, मळमळ.
६) घाम फुटला, कानात आवाज बंद झाले, चेहरा पांढरा पडला तर तिथेच थांबा आणि आडवं करा. किती मिनिटांना थांबलो तेही लिहा. तीसुद्धा नोंदच आहे.

भाचीची पहिली चाचणी आम्ही लोकमान्यनगरच्या घरी, मधल्या खोलीत केली. पडलेली असताना नाडी ७४, बीपी १०८/६८. पहिल्या मिनिटाला १०४. तिसऱ्याला ११२. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "मावशी, बोटं बघ." पायांची बोटं जांभळट झाली होती, घोट्यापर्यंत लालसर डाग चढत होते. दहाव्याला १२४, बीपी ११८/८०. म्हणजे ठोके पन्नासनं वाढले आणि बीपी पडण्याऐवजी थोडं चढलं. हे सगळं तिच्या आईनं कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत लिहिलं, दुधाचा हिशोब लिहितात तसं. पुढे डॉक्टरांनी त्या चौकटीच बघितल्या आणि आधीचं औषध बदललं.

यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पडून राहण्याऐवजी बसून सुरुवात करतात, मग फरक कमी दिसतो. बोटाला मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असतं, हात गार असतात, आणि ऑक्सिमीटर भलतंच दाखवतो. एकाच दिवशी मोजून निकाल लावतात; किमान तीन सकाळी मोजा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त नाडी लिहितात, बीपी लिहीतच नाहीत. बीटा ब्लॉकर द्यावा की नाही हे बरंचसं बीपीवरच ठरतं.

*तपासा:* तीन दिवसांच्या नोंदी, प्रत्येकीत आडवं असतानाचे दोन आणि उभं असतानाचे पाच आकडे, नाडी आणि बीपी दोन्ही. हे नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

३. पाणी, मीठ, पट्टा

हा टप्पा बहुतेक जण उरकून टाकतात. शरीरात पाणी कमी असताना ठोके वाढवूनच शरीर मेंदूपर्यंत रक्त पोचवत असतं. तिथे गोळीनं ठोके दाबले तर बिचाऱ्याची तेवढी सोयही काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून आधी तीन-चार आठवडे हे नीट करा.

पाणी दिवसाला २ ते ३ लिटर. उठण्याआधी पलंगावरच दोन पेले, साधारण अर्धा लिटर, झटपट. एवढ्यानंही पुढचा तासभर उभं राहणं सोपं जातं. मीठ डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच वाढवायचं. पॉट्समध्ये साधारणपणे दिवसाला एकूण ८ ते १० ग्रॅम सांगतात. बीपी जास्त असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ वाढवायचं नाही. एक सपाट चमचा म्हणजे ५-६ ग्रॅम. "आम्ही शेव खातोच की, मीठ भरपूर जातं" असं इथे बरेच जण म्हणतात. शेवेबरोबर तेल किती गेलं आणि मीठ किती गेलं हे कळत नाही. सकाळी मोजून मीठ एका वाटीत काढून ठेवा आणि दिवसभर ताक, लिंबूपाणी, वरण यांत तेच वापरा.

ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या आणि एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. इथल्या सराफा बाजारातली आपली शिकंजीही या कामाची नाही. ती दुधाची आणि जड, प्यायल्यावर धडधड वाढलेलीच बघितली आहे.

दाबाचे मोजे गुडघ्यापर्यंतचे घेऊन पैसे घालवू नका. कंबरेपर्यंतचे हवेत, नाहीतर निदान पोटाला पट्टा. रक्त साठतं ते पोटात आणि मांड्यांत. व्यायाम आडवा किंवा बसून: पलंगावर पाय उचलणं, बसायची सायकल. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे.

एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांना गोळी लागतच नाही. महिन्यानं पुन्हा भिंतीची चाचणी करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

४. बीटा ब्लॉकर कुणाला नको

ही यादी डॉक्टरांसमोर स्वतः वाचा. गर्दीत त्यांच्याकडून एखादा प्रश्न राहतो.

दमा, आत्ता असो की लहानपणी, अगदी "फक्त थंडीत छाती वाजते" असं असलं तरी सांगा. पडलेलं असताना नाडी ५०-५५ च्या आसपास असेल किंवा ईसीजीत ब्लॉक लिहिला असेल. आडवं असतानाचं वरचं बीपी मुळातच ९०-९५ असेल. थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होत असतील. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणारी गोळी चालू असेल. साखर उतरल्याची धडधड आणि थरथर बीटा ब्लॉकर झाकून टाकतो, फक्त घाम उरतो, आणि माणूस गाफील राहतो. तीव्र अॅलर्जी होऊन कधी अड्रिनलिनचं इंजेक्शन घ्यावं लागलं असेल तर तेही, कारण बीटा ब्लॉकर चालू असताना ते इंजेक्शन नीट लागू पडत नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

औषधांपैकी व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम या बीपी-हृदयाच्या गोळ्यांबरोबर बीटा ब्लॉकर धोक्याचा, नाडी फार खाली जाते. उदासीसाठीच्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनमुळे मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रानोलॉल रक्तात जास्त साठतात. अर्धशिशीसाठी रिझाट्रिप्टान घेत असाल तर प्रोप्रानोलॉलबरोबर त्याचा डोस कमी करावा लागतो.

*सावध:* बाळदमा "गेला" म्हणून लपवू नका. प्रोप्रानोलॉलच्या पहिल्या गोळीनंतर छाती घरघरू लागलेला मुलगा दुकानाच्या पायरीवर बसलेला मी पाहिला आहे. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागलं.

५. नोंदींशी गोळी जुळवणं

आता नावांकडे. डॉक्टर कुठल्या दिशेनं विचार करतात ते कळलं की त्यांच्याशी बोलणं सोपं होतं.

पहिला प्रश्न बीपीचा. उभं राहिल्यावर वरचा आकडा १० किंवा जास्त चढतो, हात गार पडून थरथरतात, घाम सुटतो, जीव घाबरतो: अशा रुग्णात अड्रिनलिनचा जोर जास्त असतो आणि बीटा ब्लॉकर सहसा इथेच चांगला लागू पडतो. उलट आडवं असतानाचं बीपीच कमी असेल तर डॉक्टर मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा इव्हाब्राडिनकडे वळू शकतात. इव्हाब्राडिन नाडी कमी करतं, बीपीला हात लावत नाही. मात्र ते गरोदरपणात चालत नाही आणि काहींना डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके दिसतात.

प्रोप्रानोलॉल: पॉट्समध्ये सगळ्यात जास्त अनुभव याचाच. साधी गोळी ४ ते ६ तास काम करते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. डोस अगदी लहान, एका वेळी १० ते २० मिलिग्रॅम. अर्धशिशी किंवा हातांची थरथर सोबत असेल तर एकाच गोळीत दोन कामं होतात. दमा असेल तर ही नाही. मेंदूत शिरणारी गोळी आहे, त्यामुळे काहींना विचित्र स्वप्नं पडतात, मरगळ येते.

डोसाबद्दल इथे थांबून सांगते, कारण चूक इथेच होते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये पॉट्सच्या रुग्णांना २० आणि ८० मिलिग्रॅम प्रोप्रानोलॉल देऊन तुलना केली. ८० नं नाडी जास्त खाली आली. पण त्रास कमी झाला तो २० नं. ८० घेतल्यावर त्याहून जास्त बरं वाटलं नाही. पॉट्समध्ये थोडी वाढलेली नाडी शरीराला हवी असते. भाचीला पहिल्यांदा ४० ची लांब चालणारी कॅप्सूल लिहून मिळाली होती आणि "टेन्शन घेऊ नकोस" असं सांगून पाठवलं होतं. आकडा छान झाला. पण पोरगी दुपारपर्यंत पलंगावरून उठेना. आम्ही आकडा बघून खूष होतो. ती सांगत होती की डोकं चालत नाही, पाय ओढवत नाहीत, आणि आम्ही म्हणत होतो, सवय होईल. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

बिसोप्रोलॉल: मुख्यतः हृदयावर काम करणारं, दिवसातून एकदा पुरतं. सुरुवात १.२५ किंवा २.५ मिलिग्रॅमनं. दिवसात तीनदा गोळी ज्यांच्याकडून चुकते, होस्टेलवरच्या मुलींसाठी खास करून, हे सोयीचं. पण त्याचा परिणाम दिवसभर राहतो. बीपी कमी झालं तर तेही दिवसभर.

मेटोप्रोलॉल: हेही हृदयावर जास्त आणि अर्धशिशीतही वापरलं जातं. याचे दोन प्रकार मिळतात: टार्ट्रेट दिवसातून दोनदा, सक्सिनेट एकदा. सुरुवात १२.५ ते २५ नं.

अटेनोलॉल: मेंदूत कमी शिरतं, म्हणून स्वप्नांचा त्रास असलेल्यांना कधी दिलं जातं. मूत्रपिंडातून बाहेर पडतं, गरोदरपणात टाळतात. नेबिव्होलॉल रक्तवाहिन्या थोड्या सैलही करतं, त्यामुळे बीपी चढतं त्यांना जमू शकतं, कमी असलेल्यांना नाही.

कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल रक्तवाहिन्या सैल करण्याचं काम जोरात करतात, म्हणजे पायांत रक्त आणखी साठणार. घरातल्या कुणाची ती पडलेली आहेत म्हणून पॉट्ससाठी घेऊन बघू नका.

दम्यात हृदयावर काम करणारी गोळी "चालते" असं सरसकट समजू नका. डोस वाढला की ती फुप्फुसांवरही परिणाम करू लागते. तो निर्णय छातीच्या डॉक्टरांना विचारूनच.

६. दुकानात: चिठ्ठी आणि स्ट्रिप

हा माझा रोजचा भाग आहे आणि इथल्या चुका सगळ्यात टाळण्याजोग्या आहेत.

नावापुढची अक्षरं वाचा. एलए, एक्सएल, ईआर म्हणजे लांब चालणारी. एएम असेल तर बहुधा सोबत अॅम्लोडिपिन असतं. ते रक्तवाहिन्या फुलवतं आणि पॉट्समध्ये पायांतलं साठणं वाढवतं. एच असेल तर लघवी वाढवणारं औषध असू शकतं, म्हणजे आपण महिनाभर कमावलेलं पाणी-मीठ बाहेर. प्रोप्रानोलॉलबरोबर अल्प्राझोलाम किंवा फ्लुनारिझिन घातलेल्या गोळ्याही मिळतात, त्यांनी झोप येते. स्ट्रिपच्या मागे घटक छापलेले असतात. तिथे एकच नाव हवं. दोन असतील तर पैसे देण्याआधी डॉक्टरांना फोन.

दशांशचिन्ह बघा. बिसोप्रोलॉल १.२५ आणि मेटोप्रोलॉल १२.५, बिसोप्रोलॉल २.५ आणि मेटोप्रोलॉल २५. घाईच्या अक्षरात तो ठिपका हरवतो. चिठ्ठी घेऊन खोलीबाहेर पडण्याआधीच डॉक्टरांकडून औषधाचं नाव आणि आकडा मोठ्यानं वदवून घ्या.

मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या जागी टार्ट्रेट किंवा उलट "सेमच आहे" म्हणून दिलं तर घेऊ नका. सक्सिनेट दिवसभर झिरपतं, टार्ट्रेट काही तासांत संपतं.

अर्धी गोळी करायची तर गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्या. विळीवर किंवा सुरीनं कापली तर एक तुकडा मोठा आणि एक भुगा होतो. १० च्या गोळीत तो फरक लहान नसतो. लांब चालणारी गोळी मधे रेघ असेल आणि केमिस्टनं हो म्हटलं तरच रेघेवर मोडा, चावू किंवा कुटू नका. कॅप्सूल उघडायची नाही.

खर्चाची काळजी असेल तर जनऔषधी केंद्रात ही औषधं स्वस्त मिळतात, इंदूरच्या दवाबाजारात हेलपाटे घालायची गरज नाही. फक्त एकदा एका कंपनीची सुरू केली की दर महिन्याला बदलू नका, नाहीतर त्रास गोळीचा की बदलाचा ते कळत नाही.

*तपासा:* स्ट्रिपवर एकच घटक, प्रकार तोच (टार्ट्रेट की सक्सिनेट), आकडा चिठ्ठीतलाच, मुदत पुढची.

७. पहिले पंधरा दिवस

पहिली गोळी सुटीच्या सकाळी घरी घ्या, परीक्षेच्या किंवा लग्नाच्या दिवशी नको. त्या दिवशी स्कूटर चालवू नका. उठण्याआधी पलंगावरच दोन पेले पाणी आणि गोळी, मग अर्धा तास पडून. प्रोप्रानोलॉल आणि मेटोप्रोलॉल खाण्याबरोबर घेतलं तर रक्तात जास्त उतरतं. त्यामुळे खाऊन की उपाशी हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि रोज तसंच करा. एक दिवस उपाशी, एक दिवस पोह्यांवर असं केलं की डोस रोज बदलल्यासारखा होतो.

गोळीनंतर दोन तासांनी भिंतीची चाचणी, आणि पुढची गोळी घेण्याआधी फक्त नाडी-बीपी. पहिला आठवडाभर हे रोज लिहा. डोस वाढवायचा तो आठवड्याच्या आत नाही आणि आपल्या मनानं तर नाहीच.

पहिले काही दिवस थकवा आणि गार हातपाय चालतील. पंधराव्या दिवशीही जिना जड जात असेल तर डोस जास्त आहे, किंवा गोळी चुकीची आहे. "सवय होईल" म्हणून पुढे रेटू नका.

*सावध:* आडवं असतानाची नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी ९० च्या खाली आलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली, छाती घरघरली, श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा.

एका वेळी एकच बदल. गोळी, मिठाची नवी मात्रा आणि व्यायाम एकाच सोमवारी सुरू केले तर कशानं काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. व्यायामात ठोके मोजून जोर ठरवत असाल तर ते आता सोडा. गोळी ठोके धरून ठेवते. बोलता येईल इतकाच दम लागेल, एवढा व्यायाम.

८. लागू पडली का, हे कसं ठरवायचं

चार आठवड्यांनी ठरवा, आणि फक्त नाडीवर नाही. गोळी सुरू करण्याआधीच तीन कामं लिहून ठेवा, जी उभं राहून करावी लागतात. भाचीची होती: उभ्यानं अंघोळ, दोन पोळ्या लाटणं, कॉलेजच्या कॅन्टीनची रांग. प्रत्येकीपुढे किती मिनिटांत बसावं लागतं ते. कॅप्सूल बंद करून तिला साधं प्रोप्रानोलॉल १० दिवसातून दोनदा दिलं. उभी राहिल्यावर नाडी दहाव्या मिनिटाला १०२ पर्यंतच यायची, ती काही फार छान म्हणण्यासारखी नाही. पण पोळपाटापाशी सहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं उभी राहू लागली. डॉक्टर म्हणाले, डोस इथेच ठेवू.

काहीच फरक नसेल तर त्याच गोळीचा डोस चढवत नेण्यापेक्षा दुसरं औषध बघावं का, हे विचारा. पाणी-मीठ सुटलं नाही ना, तेही प्रामाणिकपणे बघा. मला वाटतं निम्म्या "गोळी चालली नाही" च्या मागे सुटलेलं पाणी असतं.

९. ऋतू, उपास, दंतवैद्य, आणि थांबवणं

एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा ४० च्या वर जातो. हिवाळ्यात बसलेला डोस उन्हाळ्यात जास्त होऊ शकतो. मार्चअखेरीस पुन्हा तीन सकाळी मोजा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाक्या (देखाव्यांची मिरवणूक) बघायला जायचं असेल तर बसायची जागा आधी ठरवा आणि पोटाचा पट्टा बांधूनच जा.

हरतालिकेचा निर्जळ उपास करू नका. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगते, या आजारात पाणी सोडणं चालत नाही, त्यातून बीटा ब्लॉकर चालू असताना तर नाहीच. फळं आणि मीठ घातलेलं ताक घेऊन पूजा होते.

दात काढायचा असेल तर दंतवैद्याला गोळीचं नाव आधी सांगा. बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये अड्रिनलिन असतं, आणि प्रोप्रानोलॉल घेणाऱ्याचं बीपी त्यानं चढू शकतं. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि त्यांना न विचारता गोळी बंद करू नका.

एखादी वेळ चुकली आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

बंद करायची वेळ आली तर एकदम नाही. डॉक्टर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात. अचानक थांबवली तर नाडी पहिल्यापेक्षा जोरात उसळते. बऱ्याच जणांची गोळी "बंद केली" म्हणून नाही, संपली म्हणून थांबते: दिवाळीत दुकान बंद, गावाला गेलो आणि स्ट्रिप घरी राहिली. घरात कायम दहा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असू द्या आणि प्रवासात दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक पर्समध्ये, एक बॅगेत.

भाचीच्या पर्समध्ये स्ट्रिपभोवती रबर लावून एक कार्ड असतं. त्यावर निळ्या शाईनं लिहिलंय: पॉट्स आहे, प्रोप्रानोलॉल १० सकाळी ७ आणि दुपारी १, दमा नाही, पडले तर पाय वर करून आडवं ठेवा, उभं करू नका. खाली आईचा नंबर.